चंद्रभागाबाईच्या वाट्याचा गडी

सिहोऱ्याच्या चंद्रभागाबाईला जगातल्या दोन गोष्टींचं मोठं नवल वाटायचं. एक म्हणजे, धानाचा कोवळा पऱ्हा मुळासकट उपटून दुसऱ्या बांधीत, म्हणजे खाचरात, लावला तरी तो मरत कसा नाही. आणि दुसरी, माणसाच्या वीतभर छातीत एवढा वारा मावतो तरी कुठं. पहिल्या नवलासाठी तिच्याकडे दीड एकर धानाची जमीन होती. दुसऱ्यासाठी गावात कबड्डीचं मंडळ होतं.

बाई पंचेचाळिशीची, अंगानं काटक, आणि आवाजाची अशी की रोवणीच्या रांगेत तिनं गाण्याची ओळ उचलली की दोन बांध्यांपलीकडच्या बायांचे हात थांबत. ओळ लांबच्या लांब, आणि मध्ये कुठं श्वास नाही. लहानपणी माहेरी ती पोरांबरोबर खेळायची, एका दमात मारुतीच्या देवळाला पाच फेऱ्या मारायची. पुढं पदर आला आणि खेळ सुटला. दम मात्र छातीत तसाच राहिला. त्याचं काय करायचं हे तिला कोणीच सांगितलं नाही, म्हणून अर्धा ती गाण्यात खर्च करायची आणि उरलेला परसरामवर.

परसराम तिचा नवरा. भला माणूस. कबड्डीचं त्याला काडीचं वेड नव्हतं. "सात जण एकाले धरते, अन् सारं गाव बोंबलते. त्यात पाहाचं काय?" असं तो म्हणायचा आणि कूस बदलायचा. चंद्रभागाबाई मात्र शाळेच्या मैदानाच्या कुंपणाआड, बायांच्या घोळक्यात उभी राहून प्रत्येक सामना पाही. चढाई करणारा दम भरून पलीकडे गेला की तीही श्वास रोखून धरी. तो परत आला की सोडी. बाद झाला तर नुसतं "अरे बाप्पा" म्हणून पदर तोंडाला लावी. कुंपणाच्या आत मात्र ती कधी गेली नाही. तिथं बायामाणसं जात नसत.

आता मंडळाच्या नव्या गड्यांविषयी सांगायला हवं. आमच्याकडे गडी हा शब्द दुहेरी आहे. शेतात राबतो तो गडी आणि मैदानात खेळतो तोही गडी. सिहोऱ्याच्या मंडळानं या दोन्ही अर्थांची मोठी हुशारीनं मोट बांधली होती. मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव, शाळेत मास्तर. हिवाळाभर सायकल हाणत जिल्ह्यातल्या गावोगावचे सामने पाहायचे आणि चांगली पोरं हेरून ठेवायचे. निवडलेली पोरं आषाढात सिहोऱ्याला येत. सामने दिवाळीनंतर, मग आषाढातच कशाला? तर रोवणीसाठी. गडी ज्या घरी राहील त्या घरानं त्याला जेवू घालायचं आणि त्यानं त्या घरच्या बांधीत राबायचं. सकाळी चिखल, संध्याकाळी सराव.

कोणता गडी कोणत्या घरी, हे ठरायचं पायलीत. धान मोजायची पितळी पायली मधुकरराव देवळाच्या पारावर ठेवत. घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या तीत टाकत. एकेका नव्या गड्यानं पुढं होऊन चिठ्ठी उचलायची. आणि एक कडक नियम होता. गडी ज्याच्या वाट्याला आला त्या घरानं त्याची जबाबदारी घ्यायची. गडी चमकला तर घराचं नाव, आणि नालायक ठरून परत गेला तर त्या घराची चिठ्ठी पुन्हा पायलीत पडायची नाही.

चंद्रभागाबाईनं सलग पाच वर्षं चिठ्ठी टाकायला मागितली होती. पाचही वर्षं मधुकररावांनी टाळलं. सहाव्या वर्षी, म्हणजे शहात्तरच्या आषाढात, ती थेट पारावर जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमच्या घरी दोनच माणसं," मधुकरराव म्हणाले. "खेळणाऱ्या गड्याचं खाणं झेपंल काय तुमाले?"

"मास्तर, तुमाले गड्यासाठी घर पायजे का जावयासाठी? जावई असंल तं तसं सांगा, मी घरी जातो."

पारावरचे लोक हसले आणि मधुकररावांनी मुकाट्यानं चिठ्ठी लिहिली.

त्या वर्षी पाच नवे गडी येणार होते. महिनाभर आधीपासून पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. सगळ्यांचा डोळा लाखनीच्या घनश्यामवर. कोणी म्हणे तो तिघांना कमरेला लटकवून रेषेपर्यंत येतो. कोणी म्हणे त्यानं शिंगं धरून रेडा खाली बसवला. सांगणाऱ्यानं घनश्यामही पाहिला नव्हता आणि रेडाही. पण आशा ही अशीच असते. नवा गडी अजून हरलेला नसतो, त्यामुळे त्याच्या नावावर गावाला काहीही जिंकता येतं.

एसटीतून घनश्याम उतरला तेव्हा लोक खरोखरच दोन पावलं मागं सरले. दाराएवढा रुंद, मान जोत्यासारखी भक्कम. त्याच्यामागून आणखी तिघं उतरले, तेही बऱ्या अंगाचे. सगळ्यात शेवटी एक काडीपैलवान उतरला, कान बाहेर आलेले, हातात कापडी पिशवी. पवनीकडच्या आसगावचा तेजराम. वय असेल वीस-एकवीस. लोकांना वाटलं, हा कोणाला तरी पोचवायला आला असेल.

"मास्तर, हा कायले?" कोणीतरी विचारलं.

"दम हाये त्याच्यात," मधुकरराव म्हणाले.

"दम असंल जी. पण तो ठेवाले अंगात जागा तं पायजे!"

पायलीत हात घालून घनश्यामनं पाटलाकडची चिठ्ठी उचलली आणि पाटलाच्या घरच्यांनी फटाके लावले. तेजरामनं हात घातला आणि चिठ्ठी वाचून दाखवण्याआधी घसा साफ केला. "परसराम... चंद्रभागाबाई." हशा पिकला. जशास तसं मिळालं, असं आनंदाबाई शेजारीण हळूच म्हणाली, तेही चंद्रभागाबाईला ऐकू जाईल एवढ्याच हळू. चंद्रभागाबाईनं पोराच्या हातची पिशवी घेतली आणि म्हणाली, "चाल बापा, भात थंडा होऊन राहिला."

परसरामनं घरी पोराला खालून वर पाहिलं. "गडी मांगतला होता, का पऱ्ह्याची पेंडी?" एवढंच बोलून तो झोपला.

पहिले आठ-दहा दिवस तेजराम खाली मान घालून राबला. पऱ्हे उपटायचे, पेंड्या बांधायच्या, त्या वाहून बायांच्या रांगेपुढं टाकायच्या. "मावशी, आणखी आणू का?" यापलीकडे बोलणं नाही. आणि मग एका सकाळी चंद्रभागाबाईनं जे ऐकलं ते ती मरेपर्यंत सांगत होती.

रांगेत वाकून तिनं गाण्याची ओळ धरली होती. त्याच वेळी तेजराम दोन्ही खांद्यांवर पेंड्या घेऊन मोठ्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघाला, आणि चालता चालता एकटाच दम घेऊ लागला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. चंद्रभागाबाईची ओळ संपली. तिनं श्वास घेतला, दुसरी धरली. तीही संपली. तेजराम दूरच्या कोपऱ्यावर वळला होता आणि त्याचं चालूच होतं. तिनं तिसरी धरली. आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ मुद्दाम ताणली, डोळ्यांपुढं काजवे येईपर्यंत. ओळ तुटली. धुऱ्यावरचा आवाज आला तसाच येत राहिला, सारखा, न घाईचा, न थकलेला. हातातले पऱ्हे तसेच धरून ती चिखलात सरळ उभी राहिली. सगळ्या पंचक्रोशीत तिच्याएवढा दम कोणाला नाही असं तिला मनातून वाटायचं, आणि इथं तिच्या तीन ओळी या काडीच्या एका श्वासात मावल्या होत्या. हेवा वाटावा तर तोही वाटेना. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटत होतं.

"आयकलं काय वो?" तिनं आनंदाबाईला विचारलं. "माह्या तीन ओळी त्याच्या एका दमात बसल्या."

"गाता गाता तुले चक्कर आली असंल," आनंदाबाई म्हणाली.

एक गोष्ट मात्र चंद्रभागाबाईच्या कानानं टिपली होती. अगदी शेवटी, दम सरत आला तेव्हा, तेजरामच्या तोंडचा शब्द बदलला होता. कबड्डीचं हुतूतू झालं होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या लहानपणीही हुतूतूच होतं.

वावगं होतं ते दिवाळीनंतर कळलं. गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या आणि मंडयांबरोबर सामने. तुमसरच्या पहिल्याच सामन्यात तेजराम चढाईला गेला. पाण्यातल्या मासोळीसारखा तिघांना शिवून निघाला आणि रेषेपासून हातभर अंतरावर पंचाची शिटी वाजली. दम घेताना शब्द कबड्डीच हवा, स्पष्ट हवा, परत येईपर्यंत हवा, असा नियम. तेजरामच्या तोंडून शेवटी हुतूतू निघालं होतं. चढाई बाद. तिघांना शिवलं ते पाण्यात गेलं. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यात तर प्रेक्षकच आधीपासून ओरडू लागले, "हुतूतू! हुतूतू!" आणि मग ते झालंच.

पानठेल्यानं तेजरामच्या नावावर काट मारली. घनश्याम मात्र गाजत होता. रेड्याची गोष्ट खोटी असली तरी तिघांना लटकवून आणायची खरी निघाली. गावाच्या सगळ्या आशा पाटलाच्या घरी मुक्कामाला गेल्या.

एका सकाळी मधुकरराव सायकल घेऊन चंद्रभागाबाईच्या दारात आले. बसले नाहीत.

"बाई, तेजरामले परत पाठवतो म्हणतो. चुकलं माह्यं. दम पाह्यला, जीभ नाई पाह्यली."

चंद्रभागाबाई सूप खाली ठेवून उठली. "मास्तर, तुमी शेतकऱ्याच्या पोटचे ना? रोवलेला पऱ्हा आठ दिवस पिवळा पडते का नाई?"

"पडते."

"मंग तवा तुमी तो उपटून फेकता काय? त्या बांधीत पाय तरी ठेवता काय कोणी? मूळ धरू द्याव लागते जी."

"आठ दिवस झाले नाईत बाई, सहा महिने झाले."

"पऱ्ह्याचे आठ दिवस, माणसाचे सहा महिने."

मधुकरराव मास्तर होते. त्यांना धडा द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. सायकलचं हँडल फिरवत ते म्हणाले, "माघाच्या शेवटी लाखनीले मोठे सामने हायेत. तोवर राहू द्या. पण तठी का हुतूतू झालं, तं पोट्टा आसगावले अन् तुमची चिठ्ठी पायलीबाहेर. कायमची."

तेजराम गोठ्यामागे उभा राहून सगळं ऐकत होता. ते गेल्यावर पुढं आला. डोळे लाल.

"मावशी, मी मुद्दाम नाई करत. दम सरत आला का भेव लागते. अन् भेव लागलं का तोंडात घरचाच शब्द येते. मायनं शिकवला होता. आमी भाऊ भाऊ खेळत होतो."

चंद्रभागाबाईच्या ध्यानात आलं. म्हणजे जिभेलाही माहेर असतं तर! जिवावर बेतलं की बाई जशी "आई गं" म्हणते, सासूचं नाव घेत नाही, तसंच हे. तिला राग आला नाही, उलट मायाच आली. पण नुसती माया करून काम भागणार नव्हतं. मायेनं दिलेला शब्द जिभेवरून हाकलायचा कसा? रागावून तो जाणार नव्हता. हे कोडं घेऊन ती पंधरा दिवस फिरली. भाकरी करपल्या. परसराम म्हणाला, "खेळते तो, अन् हरवली तू."

उत्तर तिला चिखलात सापडलं. चांदपूरच्या तलावाचं पाणी सुटलं की आमच्याकडे पौष-माघात उन्हाळी धान रोवतात. दुपारचं ऊन, कंबर मोडलेली, डोकं बधिर झालेलं. वाकल्या वाकल्या तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. मन केव्हाच घरी गेलं होतं, तोंडातली ओळ तुटली होती, आणि उजवा हात मात्र पऱ्हे तोडत होता, अंगठ्यानं चिखलात दाबत होता, उचलत होता. अंतर चार बोटांचं, एक केसभर इकडं नाही का तिकडं नाही. ती बारा वर्षांची असताना हा हात तिच्या आईनं वळवला होता. जीभ थकून चुकते, पण हात चुकत नाही! ती तिथंच ओरडली, "तेजराम, इकडं ये. चिखलात उतर. माह्या बाजूले वाक."

रांगेतल्या बायांनी तोंडावर पदर घेतले. गड्यानं पेंड्या टाकायच्या, रोवायचं बायांनी. हे काय कोणी सांगावं लागतं? पुरुष बायांच्या रांगेत वाकल्याचं गावानं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बातमी पोचली. घनश्याम हसून हसून लाल झाला. आणि परसराम ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "गडी आणला होता का सून?"

तेजराम मात्र कानांपर्यंत लाल होऊन रोवत राहिला. पद्धत सोपी होती. डाव्या हातात पेंडी. 'क' म्हणताना उजव्या हातानं दोन-तीन पऱ्हे तोडायचे. 'बड्' म्हणताना अंगठ्यानं ते चिखलात दाबायचे. 'डी' म्हणताना हात उचलायचा. एक रोप, एक कबड्डी. सगळं एका दमात, दम तुटेस्तोवर. मग उभं राहून श्वास घ्यायचा आणि पुन्हा वाकायचं.

पहिल्या दिवशी दम सरत आला की हुतूतू येतच होतं. दुसऱ्या सकाळी चंद्रभागाबाईनं त्याला धुऱ्यावर नेलं. बांधीत पाणी साचलं होतं. तेजरामच्या ओळीतले बरेच पऱ्हे ताठ उभे होते, पण प्रत्येक दमाच्या शेवटचे आठ-दहा पऱ्हे पाण्यावर आडवे तरंगत होते.

"हे पाय," ती म्हणाली. "कबड्डीत अंगठा दाबाले जागा हाये. हुतूतूत कोठी हाये? ते नुसतं वाऱ्यासारखं जाते. उभे हायेत ते तुई कबड्डी. अन् हे तरंगून राहिलं ते तुवं हुतूतू."

तेजराम खाली बसला. एकेक तरंगता पऱ्हा हातात घेऊन पाहू लागला. आपल्या तोंडातून निघालेला शब्द असा पाण्यावर पाहायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. चंद्रभागाबाईलाही वाटलं नव्हतं. रात्रीतून बांधीनं चुकलेल्या शब्दांचा हिशेब मांडून ठेवला होता.

रोज सकाळी दोघं धुऱ्यावर जात. तरंगणारे पऱ्हे दिवसागणिक कमी होत गेले. आपली बांधी संपली तेव्हा ती त्याला दुसऱ्यांच्या बांधीत घेऊन गेली. बाराव्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखं होतं आणि त्यावर एक काडीसुद्धा नव्हती. आनंदाबाईची बांधी होती ती. तिनं कमरेवर हात ठेवून ओळी पाहिल्या आणि म्हणाली, "चंद्रभागा, हा पोट्टा हरला तरी आमच्या रांगेत ठेव वो."

माघाच्या शेवटी राइस मिलचा ट्रक ठरवून सिहोरा लाखनीला निघालं. या खेपेला पाच बायाही ट्रकमध्ये चढल्या. चंद्रभागाबाई सगळ्यात पुढं, आणि तिच्या मागे, काय वाटलं कोणास ठाऊक, परसराम. "लाखनीत काम हाये," असं तो म्हणाला. काय काम ते कोणी विचारलं नाही.

मैदान रस्त्याला लागून होतं. तलावाच्या पोटातली माती चाळून अंथरलेली, तीवर पाणी मारलेलं, चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेषा. हमरस्त्यावरचे ट्रकवाले गाड्या बाजूला लावून टपांवर चढून बसले होते. अंतिम सामना भंडाऱ्याच्या संघाशी. घनश्याम आपल्या गावच्या लोकांपुढं वाघासारखा खेळला, पण भंडारेकरही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सामना सरत आला तेव्हा सिहोरा दोन गुण मागे होतं. त्यात घनश्यामला चौघांनी मिळून दाबला आणि तो बाद होऊन बाहेर बसला. दुसऱ्या एका गड्याचा घोटा मुरगळला. बदली गडी एकच उरला होता. मधुकररावांनी मान खाली घातली आणि तेजरामकडे न बघता हात केला.

सिहोऱ्याच्या लोकांतून एकही टाळी आली नाही. "झालं, चाला ट्रककडे," कोणीतरी म्हणालं. भंडाऱ्याच्या बाजूनं मात्र हुतूतूचा गजर सुरू झाला. त्यांनाही माहीत होतं.

शेवटची चढाई. चंद्रभागाबाई ट्रकच्या फाळक्यावर उभी राहिली. तेजरामनं वाकून मातीला हात लावला, छाती भरली आणि पलीकडे गेला. तिनंही श्वास धरला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. तोच बांधीवरचा आवाज, सारखा, न घाईचा. तो खोल गेला, इतका खोल की मागच्या रेषेला पाय टेकेल. भंडारेकर दोन्ही बाजूंनी मिटत आले. एकानं घोट्याला मिठी घातली, दुसऱ्यानं कमरेला, तिसरा पाठीवर पडला. तेजराम तोंडावर आपटला. मधल्या रेषेपासून तीन हात दूर.

हुतूतूचा गजर आपोआप थांबला. आता फक्त एकच आवाज होता, आणि तोही मातीत तोंड खुपसलेला. कबड्डी. कबड्डी. पंच गुडघ्यांवर बसले, कान त्याच्या तोंडाशी नेला, शिटी ओठांत धरून. तिघांच्या वजनाखाली ती काडी इंचाइंचानं सरकत होती. आवाज बारीक होत गेला. ट्रकपर्यंत तो पोचेना. चंद्रभागाबाईचा स्वतःचा श्वास संपला, तिनं दुसरा घेतला, तोही संपत आला. आता शब्द कोणता आहे, कबड्डी की हुतूतू, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

आणि मग तिला त्याचा उजवा हात दिसला. रेषेकडे लांब केलेला. अंगठा मातीत रुतत होता, उठत होता, चार बोटं पुढं जाऊन पुन्हा रुतत होता.

"रोवून राहिला!" ती किंचाळली. "अवो, तो रोवून राहिला!"

आजूबाजूच्या लोकांना वाटलं, बाईला वेड लागलं. पण सिहोऱ्याच्या बायांना कळलं. पाचही जणी फाळक्यावर एकीला एक धरून उभ्या राहिल्या आणि तो अंगठा पाहू लागल्या. तोडला, दाबला, उचलला. तोडला, दाबला, उचलला. कुठून आणत होता तो वारा? देवानं त्याच्या छातीत काय भरून पाठवलं होतं? चंद्रभागाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं. अंगठा एकदा मातीत गेला. पुन्हा मातीत गेला. मग पांढऱ्यात गेला.

पंचांनी दोन्ही हात वर केले. शिटी एकदाच वाजली आणि तीन बोटं उभी राहिली. पाठीवरचे तिघेही बाद होते. सिहोरा एका गुणानं जिंकलं होतं.

पुढं तेजराम नागपूरला पोलिसांत लागला, त्यांच्या संघातून खेळला. पुढं सिहोऱ्यात नव्या गड्यानं बारा दिवस बायांच्या रांगेत रोवल्याशिवाय त्याला मैदानात उतरवायचं नाही असा रिवाज पडला. ऐंशी सालानंतर आलेल्या पोरांना तर वाटायचं, हा नियम पुस्तकातलाच आहे. चंद्रभागाबाईची चिठ्ठी तिचे दात पडेपर्यंत दर आषाढात पायलीत पडत राहिली. पण ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी लोक घनश्यामसुद्धा विसरले. घनश्यामनंच तेजरामला मातीतून उचलून खांद्यावर घेतलं होतं. मिरवणूक रस्त्याकडे गेली, ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. चंद्रभागाबाई खाली उतरली, दोरी उचलून आत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मैदानाच्या मातीत उभी राहिली. परसराम तिच्या मागे होता.

मधल्या रेषेजवळ ती खाली बसली. ओल्या मातीत अंगठ्याची भोकं होती. एकामागून एक, चार-चार बोटांवर. शेवटचं भोक चुन्यात, त्याच्या कडेला पांढरा दाणा दाणा उसळलेला. एवढ्या ओढाताणीत, तिघं पाठीवर असताना.

परसराम तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्यानं बोटं ठेवून दोन भोकांतलं अंतर मोजलं. मग घसा खाकरून म्हणाला, "ओळ सरळ हाये वो."

तेवढ्यात मधुकरराव धावत आले. धोतराचा सोगा सुटलेला, हातात हार, डोळे भरलेले. "बाई, कोठी होत्या तुमी? चाला, आधी तुमाले हार घालाचा हाये!" आणि ते रेषा ओलांडून सरळ तिच्याकडे निघाले.

चंद्रभागाबाईनं झटकन हात आडवा केला.

"थांबा मास्तर! पाय नोका ठेवू तठी," ती म्हणाली. "आत्ताच रोवलं हाये. मूळ धरू द्या."